आकडा शेवटी वाचा: परदेशी गुंतवणूकदाराने देशावर केलेला दावा तपासायचा कसा

‘अमुक कंपनीचा भारत सरकारवर इतक्या हजार कोटींचा दावा.’ अशी बातमी आली की दोन तट पडतात. एका बाजूला ‘या कंपन्या देश लुटायला बसल्यात’, दुसरीकडे ‘सरकार शब्द पाळत नाही, मग कोण येणार इथे?’ दोन्हीकडच्या बहुतेकांनी ज्या कराराखाली दावा झालाय तो उघडूनही पाहिलेला नसतो. खरं तर तो मोफत मिळतो, आणि जुना करार असेल तर दहा-बारा पानांचाच असतो.

कायद्याचे विद्यार्थी, पत्रकार, सीए आणि परदेशात पैसा घालू पाहणारे आपल्याकडचे उद्योजक यांच्यासाठी अशा दाव्याची चिरफाड करायची पद्धत इथे देतो आहे. माझा नियम एकच: आकडा शेवटी वाचायचा. दावेदार म्हणतो ती रक्कम ही त्याची इच्छा असते. ती इच्छा कुठल्या दारातून आत आली, हे आधी पाहायचं.

हा दावा नक्की कुठला?

इथेच निम्मे लोक चुकतात. परदेशी कंपनी आणि सरकार यांच्या भांडणाच्या तीन वेगवेगळ्या जागा आहेत. जागतिक व्यापार संघटनेत फक्त देश देशाविरुद्ध जातो, कंपनीला तिथे उभं राहता येत नाही. साध्या व्यापारी लवादात ज्यांनी कंत्राटावर सह्या केल्या तेच एकमेकांसमोर येतात. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा. दोन देशांनी आपसात करार केलेला असतो की तुझ्या नागरिकाच्या गुंतवणुकीला मी नीट वागवीन. ते वचन मोडलं म्हणून तो नागरिक किंवा त्याची कंपनी थेट यजमान देशावर दावा लावते. करारावर तिची सही नसते, तरीही.

एकाच वादातले असे अनेक धागे एकत्र गुंतलेले पाहायचे असतील तर गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासारखं उदाहरण नाही. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ पॉवर कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात वीजखरेदी करार झाला. एन्रॉनचा मोठा वाटा, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे छोटे. १९९५ ला सरकार बदललं, करार मोडला, पुन्हा बोलणी झाली, ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये दरांवरून वीज मंडळाने करार रद्द केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. इतकं मराठी वाचकाला ठाऊक असतं. पुढचं कमी ठाऊक आहे. वीजखरेदी कराराचं भांडण एकीकडे लवादात, तर दुसरीकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर आणि मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांनी भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली भारतावर दावा लावला. कर्ज दिलेल्या परदेशी बँका आपापल्या देशांच्या करारांखाली आल्या. आणि राजकीय जोखमीचा विमा उतरवणारी अमेरिकेची सरकारी संस्था ओपिक पैसे देऊन बसली होती, म्हणून अमेरिका सरकारनेही भारताविरुद्ध वेगळा लवाद मागितला. वाद एका प्रकल्पाचा, पण दारं इतकी.

म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारा: दावा कुठल्या कागदाखाली? कंत्राट असेल तर हा लेख बाजूला ठेवा. दोन देशांमधला करार असेल तर पुढे चला.

करार शोधा, आणि तो जिवंत आहे का ते बघा

संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेच्या संकेतस्थळावर देशानुसार सगळे गुंतवणूक करार लावून ठेवलेत. प्रत्येकासमोर स्थिती लिहिलेली असते: फक्त सही झालेला, अमलात असलेला, संपुष्टात आलेला. सहीची आणि अमलात आल्याची तारीख वेगळी असते, दुसरी महत्त्वाची.

भारताच्या बाबतीत इथे जरा थांबावं लागतं. १९९४ मध्ये ब्रिटनपासून सुरुवात करून आपण ऐंशीच्या आसपास करार केले. बरेचसे घाऊक भावात, जवळपास एकाच साच्यातले. एकापाठोपाठ दावे यायला लागल्यावर २०१५ च्या अखेरीस नवा नमुना करार तयार झाला आणि पुढच्या दोनेक वर्षांत पन्नासहून जास्त देशांना जुने करार संपवत असल्याच्या नोटिसा गेल्या. त्यामुळे ‘संपुष्टात’ असा शिक्का पाहून लोक करार मिटवतात. घाई करू नका. जुन्या करारांच्या शेवटच्या कलमात असं असतं की करार संपला तरी आधीच केलेल्या गुंतवणुकीला आणखी १० किंवा १५ वर्षे संरक्षण राहील. याला सूर्यास्त कलम म्हणतात. मेलेला करार इतकी वर्षे दावे जन्माला घालू शकतो.

दुसरी जागा म्हणजे व्यापार करारातला गुंतवणुकीचा अध्याय. भारत-जपान व्यापार करार २०११ मध्ये अमलात आला. त्यात असा अध्याय आहे आणि त्याच्याच आधाराने निसानने भारतावर दावा केला होता. हल्ली मात्र आपण दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेल्या व्यापार करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे, पण गुंतवणूकदाराने देशाला लवादात खेचायची सोय नाही. संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार वेगळा आणि फेब्रुवारी २०२४ चा गुंतवणूक करार वेगळा. तेव्हा ‘व्यापार करार झाला’ म्हणजे ‘दावा लावता येतो’ असं धरून चालू नका.

वहीच्या एका पानावर चौकोन आणि तारखा

हे काम पेन घेऊनच करा. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मालकीची उतरंड काढायची: सगळ्यात वर मूळ मालक, मग मधल्या कंपन्या, तळाशी यजमान देशातला कारखाना किंवा परवाना. प्रत्येक चौकोनात कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे ते लिहा. आता प्रत्येक देशाचा यजमान देशाशी करार आहे का ते बघा. एखाद्याच चौकोनाला करार असतो आणि दावा तिथूनच येतो.

व्होडाफोनचं चित्र काढून पाहा. वर ब्रिटिश कंपनी, खाली तिची नेदरलँड्समधली कंपनी. तिने २००७ मध्ये केमन बेटांवरच्या एका कंपनीचे शेअर घेतले आणि त्या कंपनीच्या पोटात मुंबईतल्या हचिसन एस्सारचा हिस्सा होता. आयकर खात्याने कर मागितला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती करून तो निष्प्रभ केला. मग दावा आला तो भारत-नेदरलँड्स कराराखाली. डच चौकोन कामाला आला.

पानाच्या खालच्या अर्ध्यात एक आडवी रेघ आणि त्यावर तीन तारखा: करार अमलात कधी आला, गुंतवणूक कधी झाली, वाद कधी दिसू लागला. क्रम चुकला की दावा कोसळतो. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेच केलं. सिगारेटची पाकिटं साधी, ब्रँडच्या चिन्हांविना करायचा निर्णय ऑस्ट्रेलिया सरकारने एप्रिल २०१० मध्ये जाहीर केला. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायाची मालकी हाँगकाँगच्या कंपनीकडे वळवली आणि हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया कराराखाली दावा लावला. डिसेंबर २०१५ मध्ये लवाद मंडळाने तो दारातच अडवला: वाद दिसत असताना मालकी हलवली, हा हक्काचा गैरवापर. आरोग्याचं धोरण बरोबर की चूक, या प्रश्नापर्यंत मंडळ पोचलंच नाही.

‘गुंतवणूक’ म्हणजे काय?

कराराचं पहिलं कलम व्याख्यांचं असतं. जुन्या करारांत ‘सर्व प्रकारची मालमत्ता’ अशी ऐसपैस व्याख्या असायची: शेअर, कर्ज, कंत्राटातून येणं असलेला पैसा, सगळं आत. २०१५ च्या नमुन्याने ती आवळून प्रत्यक्ष चालणाऱ्या उद्योगापुरती ठेवली. अमिरातीच्या करारात मात्र शेअर बाजारातली गुंतवणूकही आत घेतली गेली. निव्वळ माल विकून पैसे अडकले असतील तर बहुधा ती गुंतवणूक नव्हे. तुमच्या ग्राहकाने बिल बुडवलं म्हणून हेगच्या लवादापर्यंत जाता येत नाही.

कोणी काय केलं? राज्य सरकार म्हणजेही देशच

आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य सरकार, महानगरपालिका, सरकारी खातं या सगळ्यांची कृती ही देशाची कृती मानली जाते. निसानचा वाद तमिळनाडू सरकारने कबूल केलेल्या प्रोत्साहन रकमेच्या थकबाकीचा होता, पण प्रतिवादी भारत. तो पुढे २०२० मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे राज्याच्या उद्योग खात्यात अडकलेली एक फाइल दिल्लीच्या माथी येऊ शकते. सरकारी कंपनी असेल तर मात्र वाद होतो: ती सरकारच्या वतीने वागत होती की साध्या व्यापाऱ्यासारखी? हा प्रश्न वहीत अधोरेखित करून ठेवा.

कुठलं वचन मोडलं?

हा सगळ्यात रसाळ भाग. करारात ठरावीक वचनं असतात. मालमत्ता हिरावून घेणार नाही, थेट किंवा आडमार्गाने. आपल्या माणसापेक्षा किंवा तिसऱ्या देशाच्या माणसापेक्षा वाईट वागवणार नाही. आणि ‘न्याय्य आणि समन्यायी वागणूक’ देऊ. हे शेवटचं वचन इतकं पातळ शब्दांत असतं की त्यात काय काय बसवायचं ते लवाद ठरवतं. सर्वाधिक यशस्वी दावे याच खुंटीला लटकलेले दिसतील.

व्हाइट इंडस्ट्रीज विरुद्ध भारत हा निवाडा मुळातून वाचावा. या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी पिपरवार खाणीसाठी करार केला. बोनस आणि दंडावरून वाजलं. २००२ मध्ये व्यापारी लवादात व्हाइट जिंकली, रक्कम साधारण ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. कोल इंडिया निवाडा रद्द करून घ्यायला कोलकात्यात गेली, व्हाइट वसुलीसाठी दिल्लीत. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन पडून राहिलं. सगळी मिळून नऊ वर्षे. शेवटी व्हाइटने भारत-ऑस्ट्रेलिया करार काढला.

आता मंडळाने काय केलं ते टप्प्याटप्प्याने बघा. कोल इंडियाने मुद्दाम मालमत्ता हिरावली का? नाही. न्याय नाकारला गेला का? नाही, दिरंगाई वाईट आहे, पण खटल्यांनी वाकलेल्या न्यायव्यवस्थेच्या देशात याला न्याय नाकारणं म्हणता येणार नाही. कंपनीची रास्त अपेक्षा मोडली का? तेही नाही, करार करताना भारतातली न्यायालयं तुंबलेली असतात हे तिला ठाऊक असायला हवं होतं. (हे वाचून आपल्याला हसावं की रडावं कळत नाही.) इथवर भारत जिंकत होता.

मग चौथं दार उघडलं. ऑस्ट्रेलियाच्या करारात ‘सर्वाधिक पसंतीच्या देशा’चं कलम होतं: दुसऱ्या कुणाला जास्त दिलं असेल तर आम्हालाही. भारताने कुवेतशी केलेल्या करारात गुंतवणूकदाराला हक्क बजावायची ‘परिणामकारक साधनं’ देऊ, असं वचन होतं. मंडळाने ते कुवेतच्या करारातून उचलून ऑस्ट्रेलियाच्या करारात आणलं आणि म्हटलं, नऊ वर्षांत निर्णय नाही, ही साधनं परिणामकारक नव्हेत. ३० नोव्हेंबर २०११ ला भारत हरला. चाळीस लाखांच्या दाव्याने सरकारला जितकं हलवलं तितकं अब्जांच्या आकड्यांनीही क्वचित हलवलं असेल. २०१५ च्या नमुन्यातून सर्वाधिक पसंतीचं कलम गेलं, ‘न्याय्य आणि समन्यायी’ हे शब्द गेले, कर आकारणी संरक्षणाबाहेर काढली गेली.

तेव्हा वचनं वाचताना त्या एका करारापुरतं थांबू नका. पसंतीचं कलम असेल तर यजमान देशाचे शेजारचे करारही चाळा.

दाराबाहेरची रांग

दावा लगेच लावता येत नाही. आधी नोटीस, मग तडजोडीसाठी ठरलेला काळ, जुन्या करारांत बहुधा तीन ते सहा महिने. नव्या भारतीय नमुन्यात त्याआधी देशातल्या न्यायालयांत पाच वर्षे प्रयत्न करायची अट आहे. अमिरातीशी ती तीन वर्षांवर आली. मुदतीही असतात: नुकसान कळल्यापासून ठरावीक वर्षांत आला नाहीत तर हक्क जातो. परदेशात कारखाना टाकणाऱ्याने ही कलमं सही करण्याआधी वाचावीत, भांडण झाल्यावर नव्हे.

याच ओघात आपल्या बाजूचं एक उदाहरण. ओडिशाच्या इंडियन मेटल्स अँड फेरो अलॉइज या कंपनीने इंडोनेशियात कोळशाचा परवाना असलेली कंपनी घेतली. नंतर कळलं की त्याच जमिनीवर दुसऱ्यांचेही परवाने आहेत आणि हद्दी एकमेकींवर चढलेल्या आहेत. भारत-इंडोनेशिया कराराखाली दावा झाला आणि २०१९ मध्ये फेटाळला गेला. घोळ गुंतवणुकीच्या आधीपासून होता, नीट तपास केला असता तर सापडला असता. सातबारा न बघता जमीन घेतली तर तलाठ्याला दोष देऊन काय उपयोग?

लवाद कुठे बसणार, कुठल्या नियमांनी?

असे दावे चालवायला जागतिक बँकेच्या छत्राखाली इक्सिड नावाचं केंद्र आहे. ते ज्या आंतरराष्ट्रीय करारावर उभं आहे, त्या कराराचा भारत सदस्य नाही. म्हणून आपल्याविरुद्धचे दावे बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्राल नियमांखाली चालतात आणि पुष्कळदा हेगचं स्थायी लवाद न्यायालय त्यांचं कार्यालयीन काम बघतं. मंडळ तिघांचं: एक दावेदाराचा, एक देशाचा, तिसरा अध्यक्ष. ‘हेगच्या न्यायालयाने भारताला फटकारलं’ असा मथळा आला की समजावं, लिहिणाऱ्याने निवाडा पाहिलेला नाही. ते तीन माणसांचं त्या दाव्यापुरतं मंडळ असतं.

लवादाचं कायदेशीर आसन कुठे, हे शोधा. निवाडा रद्द करायला तिथल्याच न्यायालयात जावं लागतं. व्होडाफोन सप्टेंबर २०२० मध्ये जिंकल्यावर भारत सरकार सिंगापूरच्या न्यायालयात गेलं, ते याचमुळे.

निवाडा उघडल्यावर

तीनशे पानं पहिल्यापासून वाचू नका. शेवटचा ‘निर्णय’ भाग आधी, मग अधिकारक्षेत्र, मग जबाबदारी, आणि मग रक्कम. शेवटी व्याज आणि खर्च. व्याजाची पानं उडवू नका. मूळ रकमेवर दहा वर्षे चक्रवाढ लागलं की व्याज मुद्दलाशी स्पर्धा करतं. भरपाई मोजताना बुडालेला खर्च धरलाय की भविष्यातला नफा आजच्या किमतीत आणलाय, हे बघा. दुसऱ्या पद्धतीत कोळशाचा किंवा तेलाचा पुढच्या वीस वर्षांचा भाव कुणीतरी गृहीत धरलेला असतो. अंदाजावर अंदाज रचलेला असतो, आणि बातमीतला आकडा बहुधा तिथूनच आलेला.

पैसे मिळाले का?

१९५८ च्या न्यूयॉर्क कराराने एका देशातला लवाद-निवाडा दुसऱ्या देशात वसूल करता येतो. भारत त्यात आहे, पण फक्त ‘व्यापारी’ वादांपुरता. गुंतवणूक करारातला वाद व्यापारी नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्होडाफोन प्रकरणातच म्हटलं. त्यामुळे जिंकलेला दावेदार भारतात वसुलीला येण्याऐवजी परदेशातल्या भारतीय मालमत्तेमागे लागतो. दूतावासाला हात लावता येत नाही, व्यापारी मालमत्तेवर प्रयत्न होतो.

केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीने हेच केलं. पूर्वलक्षी कराच्या वसुलीत सरकारने तिचे शेअर विकले होते, लाभांश ठेवून घेतला होता. डिसेंबर २०२० मध्ये भारत-ब्रिटन कराराखाली तिला १.२ अब्ज डॉलर, वर व्याज आणि खर्च, असा निवाडा मिळाला. मे २०२१ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात एअर इंडियाविरुद्ध अर्ज केला: सरकारी विमान कंपनी म्हणजे सरकारच. पाठोपाठ फ्रान्समधल्या न्यायालयाने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्ता गोठवायला परवानगी दिली. एका तेल कंपनीने पॅरिसमधल्या सरकारी सदनिकांवर टाच आणावी, हे दृश्य दिल्लीला सोसवलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने २०१२ चा पूर्वलक्षी कर मागे घेतला. अट अशी की दावे सोडा, वसूल केलेला कर बिनव्याजी परत घ्या. केर्नच्या हाती सुमारे ७,९०० कोटी रुपये आले. निवाड्याची रक्कम व्याजासह याहून बरीच मोठी झाली होती.

म्हणून वहीच्या त्या पानावर सगळ्यात खाली दोन रकाने ठेवा: ‘मागितले’ आणि ‘हातात आले’. दाभोळच्या पानावर दुसरा रकाना भरायला जुलै २००५ उजाडावं लागलं. वाद तडजोडीने मिटले, गुंतवणूक कराराखालचे दावे अंतिम निवाड्यापर्यंत गेलेच नाहीत, आणि अंजनवेलचा प्रकल्प एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला.